विश्रांतीचा पुरावा

६ जानेवारी

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे राहू दे. सहा वर्षांनी पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि घाबरलेच. म्हटलं, हिचं काही दुखतंखुपतं की काय. हातातलं सगळं काम टाकून पाकीट फोडलं, तर आत कामाचं पत्र! साधा कागद, ना शिक्का, ना जावक क्रमांक. शिक्षण खात्याच्या उपसंचालक बाईंना धाकट्या बहिणीची आठवण झाली ती कशासाठी, तर "तेवढं एक लिहून दे" यासाठी.

आणि काय लिहून द्यायचं? तुमच्या पोस्टरवरच्या फोटोखाली तारीख चुकून पडली म्हणून. बारा डिसेंबर नव्हे, दोन डिसेंबर. टाइप करताना एक आकडा जास्त पडला. "एवढ्यावर मिटलं तर सगळ्यांचंच बरं होईल," असं लिहितेस. सगळ्यांचं म्हणजे कोणाकोणाचं, ते मात्र लिहिलं नाहीस.

फोटोतली मुलगी कोण, हे तुला माहीत आहे का? आमच्या सहावीतली आहे. एका जागी कधी उभी राहत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तुमच्या खात्याला तिचा दोरीवर उडी मारतानाचा फोटो फार आवडला. दोन्ही हात पसरलेले, पाय जमिनीपासून वीतभर वर. तुम्ही तो मोठा करून छापलात, वर "खेळणारं मूल, फुलणारं मूल" असं लिहिलंत, खाली शाळेचं नाव आणि तारीख घातलीत, आणि गावोगावच्या दवाखान्यांत लावलात. त्यातल्याच एका दवाखान्यात भिंगरीची आई तिला हाताच्या व्यायामाला घेऊन जाते. आठ डिसेंबरला ती शाळेत पडली आणि उजवं कोपर दोन ठिकाणी मोडलं. बारा डिसेंबरला ती त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पडून होती. दुसरं ऑपरेशन होतं त्या दिवशी. आणि खालच्या भिंतीवर ती त्याच तारखेला उड्या मारतेय.

तिच्या आईने तक्रार केली म्हणून तुझी पळापळ चालली आहे, हे कळलं. पण मला यात ओढू नकोस. फोटोंचं काम खेळाच्या सरांकडे असतं. मी गणित शिकवते आणि शाळेचं वेळापत्रक बसवते. फोटोंबद्दल मला काही माहीत नाही, त्यामुळे मी काही लिहून देणार नाही. दुसरं कोणीतरी बघ.

धाकटी

ता. क. आपल्या आईचे गुडघे बरे आहेत. तू विचारलं नाहीस, म्हणून आपणहून सांगते.


११ जानेवारी, रविवार

ताई,

हे पत्र मी वर्गात बसून लिहितेय. हो, रविवारी. समोर छत्तीस मुलं सराव चाचणी सोडवतायत. खिडकीपाशी बसलेल्या एकाने गेल्या दहा मिनिटांत पेन उचललेलं नाही. डोळे उघडे आहेत, पण तो झोपलाय. उघड्या डोळ्यांनी झोपायची कला आमच्या शाळेत आता बऱ्याच जणांना जमते.

तुझं तीन पानी उत्तर मिळालं. तू म्हणतेस, "मोकळ्या तासासाठी मी खात्यात दहा वर्षं डोकं फोडलं. तुमच्यासारख्या शाळांनी त्याची माती केली." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हणून आता सगळा पाढा वाचते, तू ऐक.

तुझं परिपत्रक आलं तेव्हा मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क आहे, बक्षीस नव्हे." हे वाक्य मी दोनदा वाचलं. कोणाला सांगितलं नाही की हे लिहिणारी माझी बहीण आहे. रोज एक तास मुलांना मोकळं सोडायचं, रविवारी शाळा भरवायची नाही, असं पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग मी दुसरं पान उलटलं.

दुसऱ्या पानावर फॉर्म होता. रोजचा. दिनांक, उपक्रम, सहभागी विद्यार्थी, उद्दिष्ट, साध्य झालेली क्षमता, छायाचित्र. एकही रकाना रिकामा चालत नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रामाणिकपणे भरायला बसले. त्या दिवशी मुलं झाडाखाली नुसती बसली होती, गप्पा मारत, एकमेकांना चिमटे काढत. मी लिहिलं, "मुलं नुसती बसली." संगणकाने लाल अक्षरात उत्तर दिलं, "कृपया उपक्रम निवडा." यादी उघडली. त्यात चेंडूफेक होती, दोरीउड्या होत्या, साखळी होती, समूहगीत होतं. नुसतं बसणं नव्हतं. सरकारने मुलांना विश्रांतीचा हक्क दिला आणि दुसऱ्याच क्षणाला त्यांच्याकडून पुरावा मागितला!

एवढ्यावर तुमचं भागलं नाही. प्रत्येक मुलाला "विश्रांती वही" दिलीत. रोज अर्धं पान लिहायचं, आज मी कशी विश्रांती घेतली. मधल्या सुट्टीत एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने मुलं लिहितात. आम्हीच फळ्यावर "आज मी खेळलो, मला आनंद झाला" असं लिहून देतो आणि ती उतरवून घेतात. एका पठ्ठ्याने एकदा स्वतःच्या मनाने लिहिलं, "आज विश्रांती घ्यायला वेळ मिळाला नाही." मी लाल पेनाने ते खोडलं आणि त्याला पुन्हा लिहायला लावलं. त्याने लिहिलंही बिचाऱ्याने, वळणदार अक्षरात.

आणि मग तीनच आठवड्यांनी तुमचं दुसरं परिपत्रक. दर तिमाहीला प्रगती चाचणी, शाळांची क्रमवारी, खालच्या शाळांतल्या शिक्षकांची लांब बदली. मोठ्या बाईंनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "बसवा हे आता वेळापत्रकात." मी विचारलं, "दोन्ही?" त्या म्हणाल्या, "दोन्हीवर सही एकीचीच आहे. तिला जमत असेल तर आपल्यालाही जमेल." मोठ्या बाई आहेत खाष्ट, पण बोलल्या त्यात खोटं काय होतं? या हाताने खेळा म्हणालीस आणि त्या हाताने धावायला लावलंस. तुझ्या टेबलावर ते दोन कागद कधी शेजारी आले नाहीत का गं?

मी बसवलं. भिंतीवरच्या वेळापत्रकात सहावा तास मोकळा. माझ्या खणातल्या वेळापत्रकात सहावा तास जादा गणित. सकाळी सातला मुलं येतात आणि तीनला घरी जातात. मधे दहा मिनिटांची सुट्टी, त्यात डबा आणि ती वही.

आता गेल्या पत्रात तुला थाप मारली ती दुरुस्त करते. खेळाचे सर फोटो काढत नाहीत, ते इंग्रजीचा जादा तास घेतात. फोटो मी काढते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस पंधरा मिनिटं सगळ्यांना मैदानावर नेते. मुलांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, घरून दोन वेगळे शर्ट आणा, एक स्वेटर आणा. स्वेटर घालून चार फोटो, काढून चार, मग शर्ट बदलायचे. कधी मैदानाच्या या टोकाला, कधी त्या. पंधरा मिनिटांत अख्खा महिना उरकतो. मुलं त्याला "खेळाचं शूटिंग" म्हणतात. मी या कामात तरबेज झालेय, ताई. सावली कोणत्या बाजूला पडली हेसुद्धा बघते, म्हणजे सगळे फोटो एकाच वेळचे वाटू नयेत. फक्त त्या महिन्यात कोण पडेल हे मला आधी ठाऊक नव्हतं.

भिंगरीचा तो फोटो तीन डिसेंबरचा आहे. म्हणजे दोन डिसेंबर लिहून द्यायचं म्हटलं तर तेही खोटंच ठरतं. तुझी सुधारलेली थापही एका दिवसाने चुकली.

घंटा झाली. पेपर गोळा करायचे आहेत.

धाकटी


१७ जानेवारी

ताई,

आज भिंगरीची आई शाळेत आली होती. घरी शिवणकाम करते. गळ्यात टेप तशीच होती, काढायची राहिली असावी. मोठ्या बाई तिला बघून मागच्या दाराने सटकल्या आणि मी सापडले.

तिने पिशवीतून स्वेटर काढून माझ्या टेबलावर ठेवला. पिवळा, उजवी बाही मनगटापासून खांद्यापर्यंत कापलेली.

"बाई, हा ओळखता ना? तुमच्या फोटोत हाच आहे. आठ तारखेला दवाखान्यात नर्सने कात्रीने कापला. हात सुजला होता, निघेना. मी अजून जोडलेला नाही. मग बारा तारखेला तिने घातला कसा?"

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे. बावीस तारखेला समिती येणार आहे."

"समितीचं राहू द्या. मला तुम्ही सांगा. विश्रांतीच्या तासात उड्या मारताना पडली, असं तुम्ही लिहून दिलंत. खरं की खोटं?"

मी टेबलावरचे पेपर सारखे करू लागले. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"महिनाभर मी त्या पोरीला बोलतेय, बाई. तुझ्या उड्यांनी हात गेला म्हणून. डॉक्टर म्हणतात, कोपर पुरतं सरळ व्हायचं नाही. तिची दोरी मी चुलीत घातली. शेजारच्या पोरी बोलवायला आल्या तर हाकलून दिल्या. ती एका शब्दाने उलटून बोलली नाही. मला वाटलं, चूक कबूल आहे म्हणून गप्प आहे. आता भिंतीवर तो फोटो बघितला आणि मला कळेनासं झालं. माझी पोर खोटं बोलत नव्हती. ती तर काही बोललीच नव्हती. मग खोटं कोण बोललं?"

मी पुन्हा म्हटलं, "चौकशी चालू आहे." तिने स्वेटर घडी घालून पिशवीत टाकला आणि गेली. तुझ्याकडून आलेल्या कुठल्याही पत्रात मला एवढं बोलणं बसलं नव्हतं.

आता तुझ्या कालच्या चिठ्ठीबद्दल. तू लिहितेस, "तू खरं सांगितलंस तर सगळ्याच शाळांचे फोटो तपासले जातील. वरचे लोक टपूनच बसलेत. मोकळा तास कायमचा बंद होईल. एका हातासाठी लाखो मुलांचा तास घालवशील?"

ताई, लाखो मुलांचा कुठला तास? दाखव मला. कोणत्या मैदानावर आहे तो? आमचं अर्धं मैदान परीक्षेच्या नव्या हॉलखाली गेलं, त्याच्या उद्घाटनाला तूच आली होतीस. मला बघून न बघितल्यासारखं केलंस. तुझा तास कागदावर जिवंत राहावा म्हणून त्या पोरीने जन्मभर असं समजून चालायचं का, की खेळल्यामुळे आपला हात मोडला? आज एका घरातली दोरी चुलीत गेली. उद्या दहा आया म्हणतील, नको तो मोकळा तास, पोरं पडतात. तेव्हा तुझी योजना बंद करायला कोणा वरच्याची गरज लागणार नाही.

मला तुझा राग कळत नाही असं समजू नकोस. बाबांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तुझं वेळापत्रक लिहिलं होतं. पहाटे पाचपासून झोपेपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने. मी अभ्यासात ढ, म्हणून माझं वेळापत्रक नव्हतं. मी अंगणात लगोऱ्या रचायचे आणि तू खिडकीत पुस्तक धरून बसायचीस. मला वाटायचं, ताई अभ्यास करतेय. आता वाटतं, तू माझे डाव मोजत होतीस.

बाबा गेल्यावर खोली आवरताना तू म्हणालीस, हे कपाट फोडून टाकू. मी काय म्हणाले? "त्याच कपाटामुळे साहेबीण झालीस, विसरू नकोस." तू पिशवी उचललीस आणि निघून गेलीस. तेव्हापासून सहा वर्षं आपण बोललो नाही. चूक माझी होती, ताई. त्या कपाटाने तुझं काय केलं हे मला तेव्हा दिसलं नाही. अंगणात मी होते, खिडकीत तू होतीस. बोलण्याचा हक्क मला नव्हता.

पण म्हणूनच जास्त चीड येते. तुला माहीत होतं! खात्यातल्या त्या सगळ्या टाय लावलेल्या लोकांत, खिडकीत बसणं म्हणजे काय हे एकट्या तुला माहीत होतं. आणि तू काय केलंस? बाबांचं वेळापत्रक घेतलंस, त्यात विश्रांतीचा एक रकाना वाढवलास, आणि सगळ्या मुलांच्या दारावर चिकटवून दिलंस.

धाकटी


२१ जानेवारी

ताई,

उद्या समिती आहे. तुझा माणूस येऊन गेला. जबाबाचा मजकूर तयार करून आणला होता, मला फक्त सही करायची होती. तू एवढी घाबरली असशील असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. तुला आधी सांगते. का, ते विचारू नकोस. उद्या परक्यांसमोर बोलताना जीभ अडखळू नये म्हणून असेल.

आठ डिसेंबरला पाचवा तास संपला तेव्हा मी वर्गातच होते. सगळी मुलं वरच्या मजल्यावर जादा तासाला निघाली. भिंगरी माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, मी इथेच बाकावर डोकं ठेवू का? पाच मिनिटं. डोळे आपोआप मिटतायत." मी बदली तासांचा तक्ता भरत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "वर जा. हजेरी संगणकावर लागते, पाच मिनिटांत बंद होते. मग गैरहजर दिसशील." ती म्हणाली, "बरं, बाई."

मला जिन्यात आवाज आला. वाटलं, कोणीतरी बाक पाडला. मी तक्त्यातली ती ओळ पूर्ण केली आणि मग उठले.

ती जवळजवळ वर पोचली होती. मागून येणाऱ्या मुलीने सांगितलं, ती पायरी चढता चढता थांबली, मान एका बाजूला गेली आणि तशीच मागे पडली. ओरडलीसुद्धा नाही. ताई, अकरा वर्षांची मुलगी चालता चालता झोपली. आणि कागदावर त्या मिनिटाला ती मैदानावर खेळत होती.

अपघाताचा अहवाल मोठ्या बाईंनी सांगितला आणि मी लिहिला. "विश्रांतीच्या तासात दोरीवरच्या उड्या मारताना." अक्षर माझं आहे. लिहिताना एकही शब्द खोडावा लागला नाही, हे मला आता आठवतं आणि स्वतःचाच संताप येतो. तुझ्यावर ओरडणं सोपं होतं गं. गेली तीन पत्रं मी तेच करतेय. परिपत्रक तू काढलंस, पण "वर जा" हे मी म्हणाले. पाच मिनिटं मागितली होती तिने. त्यासाठी ना फॉर्म लागत होता, ना फोटो. फक्त मी "ठेव" म्हणायला हवं होतं.

तुझा तयार जबाब मी परत पाठवत नाही. माझ्याकडेच ठेवते.

धाकटी


३० जानेवारी

ताई,

तुला कळलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक.

समितीत तिघं होते. दोघं घड्याळ बघत होते. मी दोन्ही वेळापत्रकं टेबलावर ठेवली, भिंतीवरचं आणि खणातलं. माझ्या फोनमधले सगळे फोटो दाखवले, एकाच दिवशी काढलेले, वीस तारखांचे. मग त्या बाकाचं सांगितलं. मोठ्या बाई मधेच म्हणाल्या, "यांची तब्येत बरी नसते." अध्यक्षांनी विचारलं, "बाई, हे लिहून द्याल? तुमच्यावरच शेकेल." मी लिहून दिलं. पाच पानं झाली.

आणि तुझी पत्रंही जोडली. तिन्ही. तो तयार जबाबसुद्धा. तुला अंधारात ठेवायचं नाही, म्हणून हे लिहितेय. तू मला विश्वासघातकी म्हणशील. म्हण. "तेवढं एक लिहून दे" म्हणाली होतीस ना? लिहून दिलं.

बाहेर भिंगरीची आई बसली होती. तिला मी अहवालाचं खरं सांगितलं, जिन्याचं, बाकाचं, "वर जा" म्हणाल्याचं, सगळं. तिने मला मारलं असतं तरी मी हात आडवा घातला नसता. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझ्या पोरीला सांगा." मी गेले. भिंगरी पलंगावर बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होती. मी म्हटलं, "तू खेळताना पडली नाहीस. तुला झोप लागली होती, आणि मी तुला झोपू दिलं नाही. चूक माझी." ती आईकडे बघून म्हणाली, "मी सांगणार होते. पण झोपले म्हटलं तर बाई रागावतील वाटलं." आईने तिला जवळ घेतलं. मी तिथून उठले. आणखी काय करणार होते?

माझ्या निलंबनाचा कागद आला. उद्यापासून. तुझ्या रजेवर जाण्याची बातमीही कानावर आली. आणि खात्याने काय ठरवलं ते ऐक: मोकळा तास "पुढील आदेशापर्यंत स्थगित". प्रगती चाचणी मात्र वेळेवरच होणार आहे. तुझंच खरं झालं, असं तू म्हणशील. मी म्हणते, निदान आता मुलांना रोज "मला आनंद झाला" असं तरी लिहावं लागणार नाही.

पण स्थगितीचा आदेश सोमवारपासून लागू आहे. म्हणजे आज शेवटचा दिवस होता, आणि भिंतीवरच्या वेळापत्रकात सहावा तास अजून मोकळा होता. पाचवा तास संपला तेव्हा मी सहावीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "वर जायचं नाही. मैदानावर चला." फोन मी कपाटात ठेवला होता. फॉर्म नाही, वही नाही. एकदा, फक्त एकदा, खरा तास द्यायचा होता.

मुलं खाली आली. जे उरलंसुरलं मैदान आहे तिथे ती आपोआप जागेवर जाऊन उभी राहिली. दोघींनी दोरी ताणून धरली. एकाने चेंडू डोक्यावर उचलला. उरलेली मागे ओळीत, उंचीप्रमाणे. आणि सगळी माझ्याकडे बघून हसली. शूटिंगसारखी.

मी म्हटलं, "फोटो नाही आज. खेळा."

कोणी हललं नाही. चेंडूवाल्याचा हात दुखू लागला असावा, त्याने तो हळूच खाली घेतला. हसू मावळलं. मी पुन्हा म्हटलं, "अरे, खेळा ना! पळा, बसा, काय वाटेल ते करा." ती एकमेकांकडे बघू लागली. दोन मुलांनी न सांगता शर्ट पॅंटीत खोचले. मग पहिल्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला. वर्गात करतात तसा. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"बाई, आम्ही काय केलं? आम्हाला बाहेर का उभं केलंय?"

ताई, त्यांना ती शिक्षा वाटत होती. मी सांगून बघितलं, तरी एकाही चेहऱ्यावरून विश्वास बसलेला दिसला नाही. माझ्यावर का बसावा? वीस तारखांसाठी त्यांना एकाच दिवशी उभं करणारी बाई मी. पाऊण तास ती उन्हात उभी राहिली, आणि घंटा झाल्यावर ओळीने आत गेली, सुटल्यासारखी.

तू आता रजेवर आहेस. तुझ्याकडे वेळ आहे, बहुतेक जन्मात पहिल्यांदाच. सोमवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकाशी ये. मला आत सोडणार नाहीत, तुला सोडतील. सरकारी गाडी नको, शिपाई नको, भाषण तर मुळीच नको. सहावीच्या वर्गात जा, त्या छत्तीस मुलांसमोर उभी राहा आणि त्यांना सांग, की त्यांनी काहीही केलेलं नाही.

धाकटी